आधी बूस्टचं मीटर, मग पुंगळी: टर्बो रोटरी गाडीचा सायलेन्सर निवडताना

नमस्कार मंडळी. हा तुकडा बघा. (पाइप कॅमेऱ्यासमोर धरतो) तीन इंची, स्टेनलेस, 304 ग्रेड. वाळूजच्या आपल्या शेडमध्ये असा पाइप रोज कापला जातो, कधी डेअरीच्या लायनीला, कधी केमिकलच्या टाकीला. आज मात्र तो औशाच्या एका पोरासाठी हातात घेतलाय. पोरगा मेलबर्नला नोकरीला आहे आणि तिथं त्यानं माझदा आरएक्स-7 घेतली. एफडी मॉडेल, म्हणजे 1991 ते 2002 या काळात बनलेलं. 13बी नावाचं रोटरी इंजिन, दोन टर्बो. त्याचा मेसेज आला, "दादा, सायलेन्सर कुठला टाकू? आवाज लै भारी पाहिजे."

ही गाडी आपल्याकडं कंपनीनं कधी विकली नाही, त्यामुळं जालना रोडला ती दिसणार नाही. पण ज्याच्या गाडीत टर्बो आहे आणि डोक्यात सायलेन्सर आहे, त्यानं हा व्हिडिओ शेवटपर्यंत बघा.

आवाजाचं नंतर बोलू. आधी इंजिन.

यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. भुईमुगाची दोन दाण्यांची शेंग असते ना, मधे किंचित आवळलेली? तसं घर. त्यात तिकोनी रोटर फिरतो. रोटर दोन, प्रत्येकी 654 सीसी, मिळून 1308. रोटरच्या तिन्ही टोकांना एकेक पट्टी असते, अपेक्स सील. जाडी फक्त 2 मिलिमीटर. दाब धरून ठेवायचं सगळं काम त्या पट्टीवर.

आता धूर बाहेर कुठून जातो? घराच्या भिंतीलाच भोक आहे. रोटरचं टोक त्यावरून सरकलं की रस्ता एकदम उघडा. आणि इथली जळायची जागा लांबट, चपटी असल्यामुळं पेट्रोल पूर्ण जळायच्या आतच भोक उघडतं. ज्वाळ पाइपात येऊन जळत राहते. पूर्ण जोर दिला की धुराचं तापमान 900 अंशांच्या पुढं जातं. त्यात हे इंजिन सील ओलं ठेवायला थोडं ऑइलही मुद्दाम जाळतं. त्यामुळं दुसऱ्या गाडीला वर्षानुवर्षं टिकलेला सायलेन्सर इथं लवकर जळतो.

हा धूर टर्बोचं चाक फिरवून पुढं जातो. ते चाक फिरलं की इंजिनात जादा हवा दाबून भरली जाते, त्या हवेच्या दाबाला बूस्ट म्हणतात. चाकाच्या पुढं जेवढी अडवणूक, तेवढं नुकसान. "थोडं बॅकप्रेशर, म्हणजे धुराला अडवणारा दाब, लागतंच" असं गॅरेजात ऐकायला मिळतं, पण टर्बोच्या पुढच्या पाइपाला ते लागू नाही. तिथं रस्ता मोकळा असलेलाच चांगला.

मग टाकायची का सरळ तीन इंची पुंगळी? थांबा. माझा आजचा मुद्दा हाच आहे.

जायकवाडीला 27 दरवाजे आहेत. वरून नाशिक-नगरचं पाणी आलं की दरवाजे उचलतात आणि नाथसागराची पातळी धरून ठेवतात. समजा येवा वाढतच गेला आणि उघडायला एकच दरवाजा असला तर? पातळी चढतच राहणार. टर्बोमध्ये असा दरवाजा असतो, त्याला वेस्टगेट म्हणतात. बूस्ट पुरेसं झालं की तो उघडतो आणि जादा धूर चाकाला बगल देऊन निघून जातो. या गाडीचा दरवाजा कंपनीनं कंपनीच्याच बंदिस्त सायलेन्सरच्या हिशोबानं केलेला आहे, म्हणजे लहान. पुढचा रस्ता एकदम मोकळा केला की चाकावरचा जोर वाढतो, दरवाजा पूर्ण उघडूनही पुरत नाही आणि बूस्ट वर सरकत जातं. याला बूस्ट क्रीप म्हणतात. कंपनीचं बूस्ट साधारण 10 पीएसआय. पुढून मागपर्यंत सगळं मोकळं केलेल्या गाड्या त्याच्या बऱ्याच वर जातात, आणि चालवणाऱ्याला वाटतं, वा, काय ओढायला लागली!

ओढते, कारण हवा जादा चाललीय. पण पेट्रोल किती टाकायचं हे कंपनीच्या कॉम्प्युटरला जुन्याच हिशोबानं माहीत आहे. हवा जास्त, पेट्रोल कमी, की आत पेट्रोल एकदम भडकून ठोका बसतो, त्याला नॉकिंग म्हणतात. पिस्टनचं इंजिन असे दोन-चार ठोके सोसतं. इथं ती 2 मिलिमीटरची पट्टी तुटते, तुकडा त्याच भोकातून बाहेर पडतो आणि थेट टर्बोच्या पात्यांवर आदळतो. इंजिनही गेलं आणि टर्बोही गेला. मेलबर्नला जानेवारीत पारा चाळिशी ओलांडतो, आपल्या मे महिन्यासारखा. गरम हवेत हा ठोका आणखी लवकर बसतो. म्हणून मी जीव तोडून सांगतोय, पाइपाच्या आधी बूस्टचं मीटर बसवा. डॅशबोर्डवर, नजरेसमोर.

आता पाइप. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला हे सांगायला लागत नाही. अडीच इंची लाइन काढून तीन इंची टाकली तर अर्धाच इंच वाढला असं वाटतं, पण तोंडाचं क्षेत्रफळ 44 टक्क्यांनी वाढतं. आणि विहिरीवर आपण एल्बो टाळून लांब बेंड घालतो, तेच इथं. बेंड मॅन्ड्रेलवर, म्हणजे पाइपात आतून आधार घालून वाकवलेला हवा, म्हणजे वळणावरही गोलाई तीच राहते. साध्या मशीनवर दाबून वाकवला तर वळणात पाइप चेपतो आणि तीन इंचीचे पैसे देऊन अडीच इंची पदरात पडतो.

वेल्डिंगबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण माझं पोट त्यावर आहे. दीड मीटरचा स्टेनलेस पाइप 500 अंशांनी तापला की जवळजवळ सव्वा सेंटिमीटर लांबतो. त्याला लांबायला जागा पाहिजे. मी केलेला पहिला डाउनपाइप, म्हणजे टर्बोला लागून पुढं येणारा पाइप, एका टर्बो डिझेल गाडीचा, तीन महिन्यांत फ्लँजपाशी, बोल्टच्या जोडाच्या चकतीपाशी, तडकून परत आला. त्यात मी बेलो, म्हणजे लांबणारा-आखडणारा चुण्यांचा तुकडा, टाकलाच नव्हता. त्या दिवसापासून बेलोशिवाय एकही पाइप शेडबाहेर गेलेला नाही. दुसरं, वेल्डिंग करताना पाइपाच्या आतूनही आर्गॉन वायू सोडलेला असला पाहिजे. नाहीतर बाहेरून जोड चांदीसारखा दिसतो आणि आत काळी, खडबडीत खपली धरते. पाइप घेताना मोबाइलचा टॉर्च लावून जोड आतून बघा. विकणारा बघू देत नसेल तर घेऊ नका.

आता आवाज. 3000 आरपीएमला हे इंजिन सेकंदाला धुराचे 100 धक्के पाइपात सोडतं. हायवेला एका वेगानं चाललात की नेमका तोच घुमारा केबिनमध्ये भरतो. दहा मिनिटं बरं वाटतं, तासाभरानं डोकं धरतं. म्हणून मधे एक रेझोनेटर, म्हणजे घुमारा मारणारा छोटा डबा, आणि मागं मोठ्या पोटाचा सरळ जाळीचा सायलेन्सर, अशी जोडी घ्या. जाळीवर आधी स्टेनलेसची लोकर गुंडाळलेली असावी, त्यावर ग्लासवूल. नुसतं ग्लासवूल असलं तर ही ज्वाळ ते खाऊन टाकते आणि मग डब्यातून पत्र्याचा आवाज यायला लागतो. खोलून पुन्हा भरता येईल असाच डबा घ्या. मागचं टोक चार इंची की पाच इंची, यानं काही फरक पडत नाही.

कायद्याचं दोन वाक्यांत. आपल्याकडं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या रचनेत फेरफार करू देत नाही आणि आवाजासाठी 190 खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे. ऑस्ट्रेलियात या काळातल्या कारला उभी ठेवून मोजलेल्या आवाजाची 90 डेसिबलची मर्यादा आहे आणि कॅट, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काढता येत नाही.

तर औशाच्या दादा, तुझ्यासाठी. आधी गाडीखाली वाकून बघ, टर्बोच्या लगेच पुढं छोटा प्रीकॅट आहे की साधा पाइप. प्रीकॅट असेल तर तिथल्या नियमात बसतं का ते विचारून घे, आणि बसत असेल तर त्या जागी बेलोवाला डाउनपाइप. मधला कॅट ठेव, फार तर जास्त वाहणारा घे. तो कायद्यालाही लागतो आणि बूस्टलाही थोडा लगाम घालतो. मागं तीन इंची, दोन डब्यांचा. सगळं मोकळं करायचं मनात असेल तर आधी वेस्टगेटचं भोक मोठं करून घे, ट्यून करता येणारा कॉम्प्युटर बसव, आणि त्यानंतरच पाइप. डाउनपाइप करताना वाइडबँड सेन्सरचा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणाऱ्या सेन्सरचा, नटही वेल्ड करून घे, एम18 आट्याचा, पाइपाच्या वरच्या अंगाला. खाली लावला तर पाणी साचून सेन्सर मरतो.

पाइप बसला की ट्रॅकवर जा. तिसरा गिअर, 3000 पासून वर, नजर काट्यावर. काटा 12 च्या पुढं सरकतोय असं दिसलं की त्याच क्षणी पाय काढ. 7000 ला काटा कुठं होता, त्याचा आकडा मला पाठव.