सुरगाठ, निरगाठ आणि सरकती गाठ

(नागपुरात बचतगटाच्या महिलांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मैत्रिणींनो, दोन गाठी तुम्हा सगळ्यांच्या हातात बसलेल्या आहेत. परकराच्या नाडीची सुरगाठ, टोक ओढलं की सुटली. आणि धान्याच्या पोत्याची निरगाठ, नखं मोडली तरी सुटत नाही. आजची गाठ, म्हणजे दोऱ्याच्या ब्रेसलेटची सरकती गाठ, या दोन्हींपेक्षा वेगळी. ती सुटत नाही आणि अडूनही बसत नाही. सरकवली की सरकते, सोडली की थांबते.

ही गाठ आपल्याला अनोळखी नाही. बाळाच्या कमरेचा काळा करदोडा आठवा. माझी आजी तो सरकत्या गाठीचाच बांधायची. मी लहानपणी कारण विचारलं तर म्हणाली, "अवं, पोरगं तं वाढनच नं! मंग दर महिन्याले नवा दोरा आनू काय?" ब्रेसलेटचंही तेच. ते घेणारीचं मनगट आपण पाहिलेलं नसतं. एकीचं साडेचौदा सेंटीमीटर, दुसरीचं अठरा. शिवाय मनगटात मावेल एवढंच केलं तर ते हातातून आत जाणार कसं? बोटं जुळवून हात चिंचोळा केला तरी अंगठ्याच्या बुंध्याशी तो मनगटापेक्षा रुंदच असतो. म्हणून पूर्ण उघडल्यावर २२ सेंटीमीटर आणि मिटल्यावर १५ च्या आसपास, असा हिशेब धरायचा.

दीड मिलिमीटर जाडीचा दोरा घ्या, ४५ सेंटीमीटर कापा. त्यातले २२ गोलासाठी, उरलेले दोन गाठींसाठी आणि हातात धरायच्या टोकांसाठी. टोकं वाचवायला जाऊ नका. आखूड टोकाने वेढे देताना दोरा हातातून निसटतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

आता नीट बघा. दोऱ्याचा गोल करून दोन्ही टोकं एकमेकांशेजारी उलट दिशांना ठेवली. उजवीकडून आलेलं टोक डावीकडे निघालंय. ते परत उजवीकडे वळवून दोन्ही दोऱ्यांभोवती, म्हणजे शेजारच्या आणि स्वतःच्याही भोवती, तीन वेढे द्यायचे. वेढे एकमेकांना चिकटून बसले पाहिजेत, एकावर एक चढता कामा नये. मग तेच टोक वेढ्यांच्या पोटातून पुन्हा डावीकडे बाहेर काढायचं. झाली एक गाठ. दुसऱ्या टोकाची अशीच, उलट बाजूने. या दोन गाठी एकमेकींपासून लांब ओढल्या की गोल लहान होतो, जवळ आणल्या की मोठा होतो.

खरी कसोटी आवळण्यात आहे. नवीन मुली इथेच जोर लावतात. आधी टोक हलकं ओढा, वेढे ओळीत आले का पाहा, मग थोडं आणखी. सुती दोरा असेल तर गाठ किंचित ओली करा, वेढे नीट बसतात. मग गाठ दहा वेळा मागेपुढे सरकवून पाहा. करकर आवाज करत अडली तर जास्त आवळलीय. झटकल्यावर आपोआप घसरली तर कमी. दोन वेढ्यांत गाठ बहुधा घसरते, सहा वेढ्यांत सरकवताना त्रास होतो. मी तीनवर थांबते, गुळगुळीत दोरा असला तर चार.

गिर्यारोहकही याच घर्षणाच्या जोरावर दोरावर चढतात. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांची १९३१ सालची गाठ तर माणसाचं वजन तोलते. आपल्याला तेवढी पकड नकोच. ब्रेसलेट दाराच्या कडीत किंवा स्कूटरच्या हँडलला अडकलं तर गोल मोठा होऊन हात सुटला पाहिजे. सरफास याच्या अगदी उलट, ओढलं की आवळतो. म्हणून सरफासाचं ब्रेसलेट कधी करू नका. आणि लहान बाळाच्या गळ्यात कुठलाही दोरा घालू नका, मग गाठ कोणतीही असो.

माझी पहिली मोठी ऑर्डर ४० ब्रेसलेटची होती, राखीच्या आधीची. गाठी सुटतील या धास्तीने मी प्रत्येक गाठीवर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब टाकला. गोंद पातळ. तो वेढ्यांमधून आत उतरला आणि मधल्या दोऱ्यालाच धरून बसला. सकाळी एकही गाठ हलेना. चाळीसच्या चाळीस ब्रेसलेटच्या गाठी कापल्या, रात्रभर पुन्हा बांधल्या. तेव्हापासून गोंद किंवा पारदर्शक नेलपॉलिश लावायचं तर फक्त कापलेल्या टोकाच्या अगदी शेवटी, तेही काडीने. नायलॉनचं टोक लायटरने वितळवून चमच्याच्या पाठीने दाबता येतं. सुती दोरा मात्र वितळत नाही, नुसता जळतो.

दोरा कोणता घ्यावा हे इतवारीच्या बाजारात दुकानदाराला विचारण्याआधी बोटांना विचारा. साटिनची चमकदार दोरी दिसते सुंदर, पण घसरते. मेणदोरा मला सगळ्यात आवडतो, गाठ धरून ठेवतो. पण आपल्या नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो हे विसरू नका. मधमाशीचं मेण वितळतं साधारण ६२ अंशांपुढे, मऊ मात्र खूप आधी होतं. उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत तयार माल ठेवला की वेढे चिकट होतात आणि धूळ धरतात. माल सावलीत ठेवा.

आणखी एक प्रकार आहे, मॅक्रमेच्या, म्हणजे दोऱ्याला गाठी मारत विणायच्या कामातल्या, चौकोनी गाठींचा. दोन्ही टोकं शेजारी ठेवायची आणि ३० सेंटीमीटरच्या वेगळ्या तुकड्याने त्यांच्यावर चार-पाच गाठींची नळी विणायची. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. सतत एकाच बाजूने विणलं तर नळी पिळाची होते. टोकांना मणी ओवले की एका हाताने आधी एक शेपूट ओढता येतं, मग दुसरं. ज्यांच्या बोटांना संधिवात आहे त्यांच्यासाठी हाच प्रकार करा. माझ्या आईच्या हातातलं ब्रेसलेट असंच आहे. तिला माझी गाठ चिमटीत धरता येत नव्हती, आणि ते तिने मला सहा महिने सांगितलं नव्हतं.

म्हणून तयार झालेलं प्रत्येक ब्रेसलेट स्वतःच्या हातात घालून, दुसऱ्या एकाच हाताने मिटून आणि उघडून पाहा. दोन्ही हातांनी टेबलावर तपासलेली गाठ मी पास धरत नाही.

आता समोरच्या ताटात अर्धा तांबडा, अर्धा काळा असे जोडून ठेवलेले दोरे आहेत. एक-एक उचला. दोन रंग असले की कुठलं टोक कुणाभोवती गेलं ते लगेच दिसतं. तांबड्यापासून सुरुवात करू या.