दिवेलागणीची चौदा गाणी
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : ग्वाल्हेरचा किल्ला. सास-बहू मंदिराजवळचा पूर्वेकडचा कठडा.]

इथून सूर्य दिसत नाही, तो पाठीमागे मावळतोय. दिसतेय ती किल्ल्याची सावली. आधी पायथ्याची घरं, मग मशिदीचे मिनार, मग पाण्याच्या टाक्या, एकेक करत ती सगळं शहर झाकत जाते. डिसेंबरात ग्वाल्हेरला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनअखेर सव्वासात वाजतात. त्यानंतर जेमतेम पंचवीस मिनिटं उजेड रेंगाळतो. ही दिवेलागणीची वेळ. शहरातल्या लष्कर भागात एका माडीवर सध्या याच वेळेची तासाभराची गाणी निवडणं चाललंय, लांब राहणाऱ्या मित्रमंडळींना पाठवण्यासाठी.

[दृश्य : माडी. सतरंजीवर कार्डं. वरून घेतलेलं दृश्य.]

सतरंजीवर बेचाळीस कार्डं आहेत. निवडायची आहेत चौदा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून ही कार्डं केली आहेत. प्रत्येकावर गाण्याची पहिली ओळ, खाली कवी, मग संगीतकार, मग गायक. उजव्या कोपऱ्यात गाण्याची लांबी, मिनिटं आणि सेकंद. डाव्या कोपऱ्यात एक चौकोन, तो अजून रिकामा आहे.

कवीचं नाव गायकाच्या आधी. या घरात हे असंच चालतं, आणि ते बरोबर आहे.

विषय ठरला की पहिली चूक होते ती शब्द शोधण्याची. ‘सांज’, ‘संध्या’, ‘दिवा’ ज्या गाण्यात सापडेल ते उचललं जातं. पण कित्येक गाण्यांत संध्याकाळ नुसती उपमेला आलेली असते. गाणं भर दुपारचं असतं, आणि आयुष्याची संध्याकाळ शेवटच्या कडव्यात डोकावते. म्हणून प्रत्येक कार्डाला एकच प्रश्न : या गाण्यात उजेड किती आहे? उत्तर देता आलं नाही तर कार्ड बाजूला.

[दृश्य : काकूंचा हात. एकेक कार्ड उचलून डाव्या ढिगावर.]

या एका प्रश्नाने बेचाळीसची सव्वीस झाली.

मग क्रम लावणं सुरू होतं, घड्याळाप्रमाणे. ‘सांज ये गोकुळी’ पहिलं, सुधीर मोघे यांचे शब्द, श्रीधर फडके यांचं संगीत. गुरं परतत आहेत, वाट अजून दिसते आहे. त्यानंतर ‘मावळत्या दिनकरा’. हे गाणं सगळ्यांत आधी ठेवायचा मोह होतो, विषय तोच म्हणून. पण ऐकणाऱ्याचा कान अजून स्वयंपाकघरात, रस्त्यावर असतो. वजनदार गाणं पहिलं लावलं तर ते वाया जातं, आणि पुढची दहा मिनिटं मैफल वर येत नाही. आधी एक मोकळं गाणं हवं, मग हे.

तिसऱ्या जागी ‘शुक्रतारा, मंद वारा’. मंगेश पाडगावकर, श्रीनिवास खळे, आणि आवाज अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांचे. दाते आपल्या शेजारच्या इंदूरचे.

[दृश्य : दोन कार्डं शेजारी शेजारी. एकावर ‘शुक्रतारा’, दुसऱ्यावर ‘घनतमी शुक्र’.]

इथे अडलं. शुक्राची गाणी दोन आहेत. भाच्याचं म्हणणं, एक संध्याकाळी लावू आणि दुसरं अगदी शेवटी, पहाटेच्या जागी. सुचलेलं छान आहे. पण शुक्र आकाशात सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे जात नाही. संध्याकाळी दिसणारा शुक्र सूर्यास्तानंतर फार तर तीन-साडेतीन तासांत मावळतो, आणि त्याच रात्रीच्या पहाटे पुन्हा उगवत नाही. काही महिने तो संध्याकाळचा असतो, काही महिने पहाटेचा. एका रात्रीच्या गाण्यांत तो दोन्हीकडे ठेवला तर आकाश खोटं पडतं.

म्हणून दोन्ही गाणी पहिल्या अर्ध्या तासात, मध्ये तीन गाण्यांचं अंतर राखून. ‘शुक्रतारा’ उजेड असताना. ‘घनतमी’ पूर्ण अंधारल्यावर, पहिल्या भागाच्या अगदी शेवटी.

[दृश्य : जयेंद्रगंजचा रस्ता, दिवे लागताना. मग फुलबाग, राणी लक्ष्मीबाईंची समाधी.]

‘मावळत्या दिनकरा’ आणि ‘घनतमी शुक्र’, दोन्ही कविता भास्कर रामचंद्र तांबे यांच्या. ग्वाल्हेर दरबारचे राजकवी. १९४१ मध्ये ते वारले ते याच शहरात. ही गाणी लताबाईंच्या आवाजात घरोघरी पोचली ती त्यानंतर, कवीने ती ऐकली नाहीत. या समाधीसमोर उभं राहिलं की मराठी माणसाच्या तोंडी आपोआप ‘रे हिंदबांधवा, थांब या स्थळी’ येतं. तीही तांब्यांचीच. ओळ पाठ असते. नाव विचारा.

[दृश्य : पुन्हा माडी. कार्डांच्या रांगा.]

आता या विषयातली खरी अडचण. मराठीत संध्याकाळ आणि रात्र गोळा करायला बसलात की यादी बघता बघता एकाच संगीतकाराची होते. हृदयनाथ मंगेशकरांची किती मोजावीत? ‘मावळत्या दिनकरा’, ‘घनतमी शुक्र’, ‘तिनी सांजा सखे मिळाल्या’, ‘जिवलगा राहिले रे दूर घर माझे’, ‘चांदण्यात फिरताना’, ‘तरुण आहे रात्र अजुनी’, ‘मालवून टाक दीप’. एकाहून एक. सगळी घेतली तर निम्मा तास त्यांचाच, आणि ऐकणाऱ्याला पाचव्या गाण्यापासून सगळं सारखं वाटू लागतं. दोष गाण्यांचा नसतो, शेजाराचा असतो.

म्हणून मर्यादा : एका संगीतकाराची जास्तीत जास्त चार. एकच गायक लागोपाठ दोनदा नाही. दोन जड गाणी शेजारी नाहीत, म्हणूनच ‘मावळत्या दिनकरा’ आणि ‘जिवलगा’ यांच्यामध्ये ‘शुक्रतारा’ बसलं. या मर्यादेपायी ‘तिनी सांजा’ गेलं. ज्या गाण्याच्या नावातच विषय आहे, तेच गेलं, कारण कवी, संगीतकार आणि आवाज तिन्ही तेच असलेलं ते तिसरं गाणं ठरत होतं. असं एखादं कार्ड बाजूला ठेवताना हात जड होतो. पण आवडतं म्हणून सगळंच ठेवलं तर त्याला निवड म्हणता येत नाही.

[दृश्य : पेटी. भाता हलतोय. बोटाचं जवळून दृश्य. बाजूला टेपरेकॉर्डर.]

डाव्या कोपऱ्यातला तो रिकामा चौकोन आता भरायचा. गाणं लावायचं, काकू पेटीवर त्याचा सा शोधतात, आणि तो ज्या पट्टीवर सापडतो ती चौकोनात लिहितात. काळी एक. पांढरी पाच. काळी चार.

हे कशासाठी? काळी चारमधलं गाणं संपलं आणि लगेच पांढरी पाचमधलं सुरू झालं, तर दोन्ही सुरांत असूनही दुसरं उतरल्यासारखं वाटतं. अर्ध्या स्वराचा फरक कानाला सगळ्यांत जास्त टोचतो. काळी एकनंतर काळी चार मात्र छान लागते, कारण पहिल्या गाण्याचा पंचम तोच पुढच्या गाण्याचा षड्ज होतो. टोचणारी जोडी टाळता येत नसेल तर मध्ये चार-पाच सेकंदांची शांतता सोडायची. एरवी दोन सेकंद पुरतात.

कधी कधी सा दोन पट्ट्यांच्या मध्येच सापडतो. आधी पेटी तपासायची, फोनमधल्या ट्यूनरवर. पेटी बरोबर असेल तर संशय मुद्रणावर. कॅसेटवरून उतरवलेलं गाणं बहुधा वेग चुकल्यामुळे असं होतं. सहा टक्के वेग वाढला की पट्टी अर्धा स्वर चढते, तीन टक्क्यांनी त्याच्या निम्मी. संगणकावर वेग तेवढाच मागे घ्यायचा. नुसता सूर बदलायचा नाही, वेगच बदलायचा, म्हणजे लयही आपल्या जागी येते.

[दृश्य : जुनी साठ मिनिटांची कॅसेट. षटकोनी पेन्सिल चाकात घालून फिरवताना.]

या घरात तासाचं माप आलं ते इथून. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. नव्वदची मिळायची, पण तिची फीत पातळ, ती लवकर ताणली जाते, गुंडाळी अडकते. जुन्या भेट-कॅसेटींमध्ये एक खोड हमखास सापडते : पहिल्या गाण्याचा पहिला शब्द गायब. फितीच्या सुरुवातीला काही सेकंदांचा पारदर्शक तुकडा असतो, त्यावर मुद्रण होतच नाही. पेन्सिलीने तो पुढे सरकवून मगच रेकॉर्डचं बटण दाबायचं असतं. दुसरी खोड आतल्या नमद्याच्या छोट्या गादीची. तिचा डिंक सुटला की फीत हेडला नीट टेकत नाही, आवाज घोगरा होतो. गाणं बिघडलेलं नसतं. गादी बदलली की ते परत येतं.

आता कॅसेट भरायची नाही. तरी दोन बाजू ठेवल्या आहेत, आणि त्या हव्यात. पहिली बाजू सावलीपासून अंधारापर्यंत. दुसरी चंद्रापासून झोपेपर्यंत : सुरुवातीला सुधीर फडक्यांचं ‘तोच चंद्रमा नभात’, शब्द शांता शेळके यांचे. शेवटी सुमन कल्याणपूरांची अंगाई. मध्ये एक मिनिट काहीच नाही. दिवा लावायला उठावं एवढा वेळ.

[दृश्य : संगणकाचा पडदा. आवाजाच्या निळ्या लाटा, एक बारीक, एक ठासून भरलेली.]

या दोन लाटा बघा. वरची जुन्या मोनो मुद्रणाची, खालची अलीकडच्या सीडीची. जशीच्या तशी लावली तर ऐकणारा दर गाण्याला आवाजाची कळ फिरवत बसतो. उंचीवरून लाटा सारख्या करू नयेत. एखादा तबल्याचा ठोका उंच असतो, म्हणून सगळं गाणं मोठं होत नाही. कानाला एकंदर किती मोठं वाटतं त्याचं माप एलयूएफएस. ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीत ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ उघडायचं, उणे १६ लिहायचं, चौदाही गाण्यांना तेच लावायचं. नंतर एकही शिखर उणे १ डेसिबलच्या वर नाही ना, ते बघायचं. एखादं मोनो गाणं एकाच कानात येत असेल तर भरलेली बाजू दोन्हीकडे घ्यायची.

मग सांधे. चौदा गाणी, तेरा सांधे. प्रत्येकाचे आधीचे वीस सेकंद आणि नंतरचे वीस सेकंद ऐकायचे, हेडफोनवर एकदा, साध्या स्पीकरवर एकदा. एक गाणं दुसऱ्यात विरघळवण्याची सोय भावगीतांना लावू नये. शेवटची ओळ हळूहळू विझत असते, तिच्यावर पुढची सतार चढली की दोन्ही जातात.

[दृश्य : फोन. यादी. मग कागदाचं पत्रक, घडी घालताना.]

ही तयार केलेली फाइल घरच्या सीडींवरून, घरच्या गच्चीसाठी. बाहेरगावी जाते ती गाण्यांच्या अॅपवरची यादी, त्याच क्रमाने. तिथे तीन गोष्टी तपासाव्या लागतात. त्याच नावाची नवी मुद्रणं असतात, म्हणून गायकाचं नाव आणि लांबी कार्डाशी जुळवायची. गाणी उलटसुलट करणारं शफल बंद ठेवायला सांगायचं, नाहीतर अंगाई सूर्यास्ताला लागते. आणि कवी. यादीत गायक दिसतो, चित्र दिसतं, कवी बहुधा दिसत नाही.

म्हणून सोबत हे पत्रक. एका पानावर चौदा ओळी : गाणं, कवी, संगीतकार, गायक, लांबी. खाली त्या त्या गावच्या सूर्यास्ताची वेळ, पुण्याची वेगळी, बडोद्याची वेगळी. सूर्यास्ताआधी पाच मिनिटं सुरू करा, एवढीच सूचना.

तीस जणांना गेलं. बऱ्याच जणांनी पूर्ण ऐकलं, दोघांनी ‘तिनी सांजा’ का नाही म्हणून फोन केला.

[दृश्य : गच्ची. किल्ल्याची काळी कड. स्पीकर कठड्यावर, पत्रक विटेखाली. काकू फोनवर बोट ठेवतात.]

पाच वाजून चोवीस मिनिटं.

[पहिलं गाणं. निवेदन नाही.]