तीन कला, एक वेळापत्रक

प्रयोगजीवी कलांच्या पदव्युत्तर विभागांचे प्रमुख आणि समन्वयक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचं हे संपादित शब्दांकन आहे.

नमस्कार. नाट्य, संगीत आणि नृत्य एकाच पदव्युत्तर विभागात शिकवायचं ठरलं की सगळे आधी अभ्यासक्रमावर तुटून पडतात. मी म्हणेन, आधी वेळापत्रक मांडा. या तिन्ही कलांचं घड्याळ वेगळं चालतं. गाणाऱ्याला रोजचा रियाज लागतो आणि त्यात खंड पडून चालत नाही. नर्तकाला अंग तापवल्याशिवाय मुख्य काम सुरू करता येत नाही आणि काम संपल्यावर स्नायू सैल करायलाही वेळ द्यावा लागतो. नाटकाच्या तालमीला सलग तीन-चार तास हवेत, कारण पहिला पाऊण तास नुसती माणसं एकमेकांत मिसळण्यात जातो. विभागप्रमुखाचं पहिलं काम या तीन घड्याळांचा मेळ घालण्याचं आहे. ते कारकुनी काम समजून एखाद्या नव्या सहायक प्राध्यापकाच्या गळ्यात घालू नका.

आपल्याकडे कलांचं एकत्र येणं नवं नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आलं ते १८८० साली. तमाशात तर गण, गवळण, बतावणी आणि वग यांतून गाणं, नाच आणि संवाद एकाच फडावर नांदत आले. पण नाटक मंडळी किंवा फड वर्षानुवर्षं एकत्र राहत, एकत्र फिरत. आपल्या हातात चार सत्रं असतात. बडोद्याला १८८६ साली गायनशाळा निघाली, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ साली सुरू झालं. कला संस्थेत आली की तिला तासिका, श्रेयांकं (क्रेडिट) आणि परीक्षा चिकटणारच. त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नाही, त्यांचा हिशेब नीट मांडू या.

महाराष्ट्रात नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी ८८ श्रेयांकांची, म्हणजे प्रत्येक सत्राला २२. लेखी विषयाचं एक श्रेयांक १५ तासांचं, प्रात्यक्षिकाचं ३० तासांचं. समजा, २२ पैकी १४ श्रेयांकं प्रात्यक्षिकाची ठेवली. प्रात्यक्षिकाचे ४२० तास आणि लेखी विषयांचे १२०, एकूण ५४०. अध्यापनाचे आठवडे १५ धरले तर आठवड्याला ३६ तास होतात, सहा दिवस रोज सहा. एवढं झाल्यावर संध्याकाळी सहा ते दहा संयुक्त नाट्यनिर्मितीची तालीम लावली, तर सत्र संपायच्या आत गळे बसतात आणि गुडघे दुखायला लागतात. म्हणून निर्मितीला स्वतःची श्रेयांकं द्या. त्या १४ पैकी चार श्रेयांकं दिली तर १२० तास हक्काचे मिळतात, आठवड्याला आठ. ते चार-चार तासांच्या दोन सलग बैठकांत लावा. एकेका तासाच्या आठ तासिका केल्या तर कागदावर तास भरतात आणि तालीम मात्र होत नाही.

गळ्याचा क्रमही सांभाळायला हवा. आदल्या रात्री मोठ्या आवाजातले प्रवेश घेतले असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी तारसप्तकाचा, म्हणजे वरच्या सुरांचा, रियाज ठेवू नये. जमिनीचंही तसंच. फरशीवर किंवा सिमेंटवर कथकचे ततकार, म्हणजे पायांचे ठोके, करून नडगीची दुखणी हमखास लागतात. खाली लाकडी चौकट आणि पोकळी असलेली फळ्यांची जमीन हवी. निधी अपुरा असेल तर एकच खोली तशी करा आणि नृत्याचा तास दुसरीकडे लावूच नका.

आता संयुक्त निर्मितीच्या आतलं एक उदाहरण बारकाईने पाहू. नायक काळी एकमध्ये गातो, म्हणजे हार्मोनियमच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी त्याचा षड्ज (सा), नायिका काळी चारमध्ये. दोघांचं पद आहे. दिग्दर्शक म्हणतो, ‘ते आपण नंतर बघू.’ इथेच घोटाळा सुरू होतो. काळी एकचा पंचम (प) म्हणजे काळी चार. म्हणजे नायकाचा पंचम नायिकेचा षड्ज होऊ शकतो. पण मग तिच्या ओळीची चाल त्या नव्या षड्जावरून बांधावी लागते, तंबोऱ्याची किंवा ऑर्गनची सोय बदलावी लागते आणि षड्ज बदलताना मध्ये दोन वाक्यांचा संवाद किंवा वाद्याचा तुकडा घालावा लागतो. तो तुकडा तालाच्या किती आवर्तनांचा, यावर नृत्याची हालचाल ठरते आणि हालचालीवर प्रकाशाची जागा. हा निर्णय दुसऱ्या आठवड्यात झाला पाहिजे. दहाव्या आठवड्यात घ्यायला गेलात तर शेवटी ध्वनिमुद्रित गाणं लावून पात्रांना ओठ हलवावे लागतात, आणि ज्यासाठी तीन कला एकत्र आणल्या तेच हातचं जातं. संगीताचे विद्यार्थी पहिल्या वाचनापासून तालमीत बसलेच पाहिजेत. त्यांना शेवटच्या आठवड्यात ‘पार्श्वसंगीत द्या’ म्हणून बोलावणं हा त्यांच्या शिक्षणावरचा अन्याय आहे.

तांत्रिक तयारीत दोन गोष्टी नेहमी राहून जातात. पहिली विजेची. एक हजार वॅटचे २४ पार दिवे (रंगमंचावरचे झोताचे दिवे) म्हणजे २४ किलोवॅट. तिन्ही फेजवर सारखे वाटले तरी प्रत्येकीवर साधारण ३५ अँपिअर भार येतो. वर्गातलं १६ अँपिअरचं सॉकेट असे तीनच दिवे पेलतं. म्हणून वर्गाचं नाट्यगृह करण्याआधी विद्यापीठाच्या विद्युत विभागाकडून स्वतंत्र जोडणी घ्या. दुसरी गोष्ट तबल्याची. थंड खोलीत जुळवलेला तबला दिव्यांच्या उष्णतेत चढतो, कारण पुडीचं कातडं आवळतं. पावसाळी दमट हवेत तो उतरतो. वाद्यं दिवे लावून, रंगमंचावरच जुळवायची. त्यासाठी रंगीत तालमीच्या वेळेत वीस मिनिटं मुद्दाम राखून ठेवा.

माणसांचा प्रश्न सर्वांत कठीण. तबला आणि हार्मोनियमचे साथीदार बहुतेक ठिकाणी तासिका तत्त्वावर असतात आणि मानधन रखडलं की तेच आधी गळतात. साथ नसेल तर गायनाचा आणि कथकचा वर्ग थांबतो. म्हणून अंदाजपत्रकात त्यांची तरतूद सर्वांत वर लिहा, नेपथ्य-वेशभूषा त्यानंतर. पदवी नसलेल्या पण मुरलेल्या कलावंताला आणायचं असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२२ पासून ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची सोय आहे. मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत ती वापरता येते, क्षेत्रातला किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो. कलावंत येण्याआधी त्याला हजेरीपत्रक आणि अंतर्गत गुणांची पद्धत समजावून सांगा. पहिले खटके तिथेच उडतात.

गुरु-शिष्य नात्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. गुरूंविषयीचा आदर ठेवूनही नियम लेखी असले पाहिजेत. एकट्या विद्यार्थ्याची शिकवणी विभागाच्या आवारात, ठरलेल्या वेळी. तालमीत स्पर्श आवश्यक असेल तर आधी विचारून, आणि पात्रांनी एकदा हो म्हटलं तरी पुढे नाही म्हणण्याची मुभा. रात्रीच्या तालमीची संपण्याची वेळ ठरलेली, नंतर मुलामुलींच्या परतण्याची सोय. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची नावं तालीमघराच्या दारावर लावा. कार्यालयातल्या फलकावर ती कुणी वाचत नाही.

प्रवेश चाचणीत उमेदवाराची स्वतःची कला दहा मिनिटं पाहा, मग अनोळखी चौघांच्या गटात पाऊण तासाचं काम द्या, त्यात त्याला आपल्या कलेबाहेरचंही काही करावं लागेल असं. उत्तम गाणारा पण दुसऱ्याचं ऐकून न घेणारा विद्यार्थी पहिल्या दहा मिनिटांत ओळखू येत नाही, त्या पाऊण तासात येतो.

गुणदानात नाटक, संगीत आणि नृत्य यांचे परीक्षक वेगळे बसवा आणि नंतर एक संयुक्त तोंडी परीक्षा घ्या. बाहेरचा परीक्षक फक्त प्रयोग पाहतो, घडण त्याला दिसत नाही. म्हणून दर आठवड्याची तालीमवही, प्रॉम्प्ट बुक (हालचाली आणि सूचना टिपलेली संहितेची प्रत) आणि प्रकाशाचा क्यू-तक्ता (कुठला दिवा कधी, याची यादी) त्याच्यासमोर ठेवा. तिसऱ्या सत्रातला चार आणि चौथ्यातला सहा श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प याच कागदांवर उभा राहतो. विद्यार्थी बहुधा आधी प्रयोग बसवतात आणि मग त्याला साजेसा प्रश्न शोधतात. तसं होऊ देऊ नका. प्रश्न तालमीपूर्वी एका वाक्यात लिहून घ्या. ‘लावणीतील स्त्री’ हा विषय झाला. ‘बैठकीची लावणी रंगमंचावर उभी करताना अदाकारीत काय बदलतं?’ हा प्रश्न झाला, आणि बसून सादर होणारी ही लावणी उभी करून तो तालमीत तपासता येतो.

शेवटी परवानग्यांचं. प्रयोग विभागातले विद्यार्थी, शिक्षक, पालक यांच्यापुरता असेल तर १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात शैक्षणिक संस्थांना सवलत आहे. तिकीट लावून बाहेर प्रयोग करायचा तर लेखक किंवा वारसांची लेखी संमती लागते, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाला संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागतं, आणि त्यासाठी संहिता अंतिम झालेली हवी. म्हणून प्रयोगाची तारीख ठरवताना मागून मोजत या आणि संहिता गोठवायची तारीख सत्राच्या पहिल्या सूचनेतच छापा.