आमदाराला टॅक्सचा जाब विचारायचाय? निवेदन देऊन भागत नाही

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच गोष्ट इतक्या जणांनी विचारलीय की आजचा ठरलेला विषय बाजूला ठेवला. "ताई, आमचे आमदार धंदेवाल्यांच्या टॅक्सवर तोंडच उघडत नाहीत, त्यांना विचारायचं तरी कसं?"

बेसिक पटकन उरकते. जीएसटीचा रेट आमदार ठरवत नाही. तो जीएसटी कौन्सिलमध्ये ठरतो, तिथे राज्यातर्फे मंत्री बसतो, मतांमध्ये केंद्राचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णय व्हायला तीन चतुर्थांश लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये स्लॅब बदलले ते तिथूनच. त्यामुळे आमदाराकडे जाऊन "जीएसटी कमी करा" म्हणालात की तो सुटला, "दिल्लीचा विषय आहे" म्हणून मोकळा.

राज्याच्या हातात काय आहे? व्यवसाय कर, म्हणजे आपला पीटी. पेट्रोल, डिझेल आणि दारूवरचा व्हॅट. मुद्रांक शुल्क, वीज शुल्क. आणि राज्याच्या जीएसटी खात्याचा कारभार, कुणाचं रजिस्ट्रेशन लटकलंय, कुणाचा रिफंड अडकलाय, ते सगळं. इथे पकडा.

पीटीचंच घ्या. १९७५ चा कायदा, रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला आणलेला. घटनेच्या कलम २७६ मध्ये वर्षाला २५०० रुपयांची मर्यादा आहे, १९८८ पासून तीच. म्हणजे दोन मित्रांनी काढलेली प्रायव्हेट लिमिटेड, धंदा कुठे नुकता सुरू झालाय, तिला वर्षाचे २५००, आणि हजारो कोटींची उलाढाल असलेल्या कंपनीलाही २५००च. वरची मर्यादा वाढवणं राज्याच्या हातात नाही, मान्य, पण खालच्याला सूट द्यायला विधानसभेला कुणी अडवलंय? २०२३ च्या बजेटमध्ये महिन्याला २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना पीटी माफ केलाच ना! म्हणजे करता येतं.

आता ज्यावर माझी दर वेळी चिडचिड होते तो मुद्दा. लोक निवेदन देतात आणि घरी येतात. आमच्या इथल्या व्यापारी मंडळींबरोबर मी एका आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात गेले होते. पीएने कागद घेतला, दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारून दिला, साहेब आले, सगळ्यांनी त्या एका कागदाला हात लावून फोटो काढला आणि संध्याकाळी तो सगळ्यांच्या स्टेटसला. दीड पान मागण्या होत्या, पण "या अधिवेशनात तारांकित प्रश्न द्या" हे वाक्य त्यात कुठेच नव्हतं!

ते वाक्यच तर मागायचंय. तारांकित प्रश्न पुकारला गेला की मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं, वर उपप्रश्न येतात. ते नाही जमलं तर अतारांकित, त्याला लेखी उत्तर. नाहीतर लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना. विषय एकच घ्या आणि असा विचारा की उत्तर आकड्यातच द्यावं लागेल: आपल्या जिल्ह्यात जीएसटी रजिस्ट्रेशनचे किती अर्ज महिन्याभराहून जास्त पडून आहेत आणि का? "व्यापाऱ्यांच्या अडचणी सोडवा" असं लिहिलंत तर उत्तरही तसंच गुळमुळीत येणार.

एका दादांची कमेंट आहे, "प्रश्नाने काय होतं, बिलाला मत कुणी दिलं ते बघा." दादा, बघणार कुठे? बहुतेक बिलं आवाजी मतदानाने पास होतात, होय म्हणा, नाही म्हणा, संपलं. कुणी मतविभागणी, म्हणजे प्रत्येकाचं मत वेगळं मोजायची मागणी केली तरच नावं नोंदली जातात. वर पक्षाचा व्हिप असतो, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षादेश, तो मोडून मत दिलं तर घटनेच्या दहाव्या अनुसूचीखाली, म्हणजे पक्षांतरबंदीत, आमदारकी जाऊ शकते. प्रश्न विचारायला व्हिप आडवा येत नाही. पाच वर्षांत तुमच्या टॅक्सवर एकही प्रश्न नसेल, तर ते गप्प बसणं त्यांचं स्वतःचं आहे, पक्षावर ढकलता येत नाही, म्हणून मी सारखी प्रश्न प्रश्न करते.

आणि "आम्ही विरोधी पक्षात आहोत, आमच्या हातात काय" हे ऐकून तर परत येऊच नका. कर लावणारं विधेयक मांडायला राज्यपालांची शिफारस लागते, पण कर कमी करायची किंवा रद्द करायची दुरुस्ती सुचवायला ती लागत नाही, कलम २०७ मध्येच लिहिलंय. दुरुस्ती पडेल, पडू दे, नोंद तर होते. तुमचा आमदारच मंत्री असेल तर तो प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो, मग शेजारच्या मतदारसंघातला किंवा विधान परिषदेतला कुणीतरी गाठा.

"आपलं कोण ऐकतंय" म्हणणाऱ्यांनी एलबीटी आठवा, महापालिकांचा स्थानिक संस्था कर. २०१३ मध्ये व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले, २०१४ च्या निवडणुकीत तो प्रचाराचा विषय झाला, आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला एलबीटी गेला.

हिवाळी अधिवेशन नागपूरला असतं, साधारण डिसेंबरमध्ये, आणि प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात, त्यामुळे दिवाळीनंतर जाऊ म्हणाल तर उशीर झालेला असेल. मसुदा असोसिएशनच्या लेटरहेडवर टाइप करून न्या, खाली सह्या. मग पंधरा दिवसांनी पीएला फोन, एवढंच विचारायचं, "प्रश्न दिला का, कुठल्या तारखेला?" उत्तर आलं की प्रिंट काढा आणि असोसिएशनच्या मीटिंगमध्ये मोठ्याने वाचा, आमदारांना बोलावून. तारांकित प्रश्नाचा नमुना मी डिस्क्रिप्शनमध्ये टाकलाय, जिल्ह्याचं नाव तेवढं बदला.