वडाळा कुठलं?

(रात्र. ओसरीवर एक बाई, कानाला फोन.)

"वडाळ्यात आग लागलीय, लवकर या!"

एवढं बोलून फोन ठेवला जातो. घाबरलेल्या माणसाला दोष देता येत नाही. पण तातडीच्या मदतीच्या 112 नंबरचा फोन वाजतो तो नवी मुंबईच्या नाहीतर नागपूरच्या केंद्रात. तिथल्या कानाला वडाळा म्हणजे आधी मुंबईचं. आपलं वडाळा उत्तर सोलापूर तालुक्यातलं, हे आपणच सांगावं लागतं.

म्हणून तोंडातून पहिलं निघावं ते ठिकाण. जिल्हा, तालुका, गाव, जवळची खूण. काय झालं ते त्यानंतर. मध्येच रेंज गेली तरी गाडी कुठं पाठवायची, हे तरी कळलेलं असतं.

(सोलापूरजवळचं कुंभारी. घरांच्या रांगा.)

ही गोदुताई परुळेकर विडी कामगार वसाहत. 2006 साली इथं 10,000 घरं कामगारांना मिळाली. एकासारखं एक घर, एकासारखी एक गल्ली. "देवळामागं" म्हटलं तर कुठल्या देवळामागं? इथं घर नंबरच लागतो, आणि नेमका तोच ऐनवेळी आठवत नाही. या घरात तो दारामागं खडूनं लिहिलाय. खाली 112 आणि अँब्युलन्सचा 108. शेजारी सुपात विडीची पानं. घरात बोलणं तेलुगूत, पलीकडं कन्नड. भीतीनं मराठी सुचेना, तर फोन सरळ मराठी बोलणाऱ्या शेजारणीच्या हातात द्यावा.

108 वर प्रश्न येतात. श्वास चालू आहे का? शुद्ध आहे का? वय किती? "आधी गाडी पाठवा, प्रश्न कसले विचारता!" असं ओरडावंसं वाटतं. आपलं माणूस समोर पडलेलं असतं, वाटणारच. पण व्हेंटिलेटरची गाडी लागेल की साधी, ते या उत्तरांवरूनच ठरतं. समोरचा "ठेवा" म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही.

पोराच्या हातून चुकून 112 लागला, तरी घाबरून कट करू नका. "चुकून लागला, सगळं ठीक आहे," एवढं सांगा. नाहीतर खात्री करायला त्यांना उलट फोन करावा लागतो, आणि तेवढा वेळ दुसऱ्या कुणाचा तरी असतो.

मदत मागून झाली की नातेवाइकांना कळवायचं ते दुसऱ्या फोनवरून. हा फोन मोकळा हवा. रस्ता विचारायला ड्रायव्हर याच नंबरवर फोन करतो.

(वसाहतीचं वळण. अंधारात टॉर्च हलवत उभा असलेला मुलगा. लांबून सायरन.)