उजवा इंडिकेटर लागला, म्हणजे काय?

श्रोतेहो, नमस्कार. गळीत हंगाम सुरू झाला की सांगलीकडचे रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरून जातात. म्हणून आज बोलूया इंडिकेटरबद्दल.

तासगावहून सांगलीला वडापनं, म्हणजे शेअर खासगी गाडीनं, येत होते. दिवेलागणीची वेळ. पुढं ट्रॅक्टर, मागं उसानं शिगोशिग भरलेल्या दोन ट्रॉल्या. मागच्या ट्रॉलीला दिवाच नाही. ट्रॅक्टरचा उजवा इंडिकेटर तेवढा वाढ्यांच्या आडून मधूनमधून दिसायचा. वडापमधली माणसं ओरडायला लागली, "अवो, साइड दिलीय त्यानं, काढा की फुडं!"

ड्रायव्हरमामा शांत. म्हणाले, "वळायला दिलाय का साइडला दिलाय, त्येला ठावं. मी न्हाई काढत."

तेवढ्यात मागची एक कार हॉर्न वाजवत आमच्या पुढं गेली, आणि ट्रॅक्टर वळला उजवीकडच्या पाणंदीत! करकचून ब्रेक. कार आणि ट्रॉलीमध्ये वीतभर जागा उरली. दोन-चार ऊस बॉनेटवर पडले. माणसं वाचली. मामा बॅटरी घेऊन उतरले आणि दोन्ही ट्रॉल्या पाणंदीत जाईपर्यंत मागची वाहनं थोपवून उभे राहिले. वडापला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. पण एसटी चुकली तर वाडीवस्तीवरची पोरं कॉलेजात पोचतात ती या मामांच्याच जिवावर.

तर श्रोतेहो, उजवा इंडिकेटर म्हणजे 'मी उजवीकडं जातोय'. 'तुम्ही पुढं जा' असा त्याचा अर्थ नाही. 1989 च्या नियमावलीत साइड द्यायची खूण वेगळी होती: उजवा हात बाहेर काढून पुढं-मागं हलवायचा. उजवीकडं वळायचं असेल तर हात आडवा, सरळ धरायचा. ट्रॉलीला दिवा नसेल तर निदान हात दाखवा. आणि तो दिवा बसवून घ्याच!

आधी आरसा, मग इंडिकेटर, मग वळण. वळता वळता लावलेला इंडिकेटर मागच्याच्या काही उपयोगाचा नाही. पुन्हा सांगते, आधी आरसा, मग इंडिकेटर, मग वळण.

वळण पुरं होऊन स्टिअरिंग सरळ झालं की कारच्या इंडिकेटरची कांडी आपोआप जागेवर येते. लेन बदलताना स्टिअरिंग थोडंच फिरतं, तेव्हा ती येत नाही, हातानं बंद करावी लागते. दिवा मिनिटाला साधारण 60 ते 120 वेळा लुकलुकतो. साध्या बल्बच्या गाडीत टिकटिक एकदम जलद झाली, तर बहुधा त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो. गाडीभोवती एक फेरी मारा, कुठला ते लगेच दिसेल.