चितपट झाली की नाही, ते आधी सांगा

श्रोतेहो, नमस्कार.

2 फेब्रुवारी 2025, रविवार. अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर 67 वी महाराष्ट्र केसरी. गादी विभागाची, म्हणजे मॅटवरची, शेवटची कुस्ती शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्यात लागली. पंचांनी चितपट देऊन मोहोळला विजयी केलं. राक्षेचं म्हणणं, माझे दोन्ही खांदे टेकलेच नव्हते. हुज्जत झाली आणि राक्षेनं पंचांना लाथ मारली. मग किताबाची लढत, मोहोळ विरुद्ध माती विभागातून आलेला महेंद्र गायकवाड. तीही रीतसर संपली नाही. काही सेकंद उरलेले असताना पंचांच्या निर्णयावर चिडून गायकवाड आखाडा सोडून गेला. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. राक्षे आणि गायकवाड या दोघांना तीन-तीन वर्षांसाठी निलंबित केलं गेलं.

झाली बातमी. सांगायला एक मिनिटही लागलं नाही. ती ऐकताना मी कोणाच्या बाजूचा आहे, हे तुम्हाला कळलं नसेल, अशी माझी समजूत आहे.

त्या रात्री मोबाइलवर मात्र हेच सगळं वेगळ्या क्रमानं येत होतं. आधी ‘अन्याय’ हा शब्द, मग लाथेचा व्हिडिओ, मग नेटकरी काय म्हणाले, मग एखाद्या माजी पहिलवानाची प्रतिक्रिया, आणि शेवटच्या परिच्छेदात कुठेतरी निकाल. मध्ये एक स्थिर फोटो, त्यात राक्षेच्या खांद्याभोवती लाल वर्तुळ काढलेलं. बघा, खांदा वर आहे! दुसऱ्या गोटातून दुसरा फोटो, त्यातही लाल वर्तुळ. बघा, टेकलाय!

आता चितपटीचा नियम काय आहे? कुस्तीच्या जागतिक संघटनेचा नियम असा की दोन्ही खांदे गादीला टेकवून इतका वेळ दाबून धरायचे, की मल्लावर पूर्ण ताबा आलाय हे पंचाला पाहता यावं. निर्णय एकट्या पंचाचा नसतो. आखाड्यातला पंच, बाजूला बसलेला गुणपंच आणि मॅट चेअरमन असे तिघे असतात. म्हणजे चितपटीत एक खांदे आहेत, दुसरा ताबा आहे आणि तिसरा वेळ आहे. स्थिर फोटोत वेळ दिसत नाही. लाल वर्तुळ काढणाऱ्या दोन्ही गोटांच्या हातात अर्धाच पुरावा होता, आणि हे वाचकाला सांगणं हे कुस्तीच्या बातमीदाराचं त्या रात्रीचं पहिलं काम होतं. उरलेल्या दोघा पंचांनी काय कौल दिला, राक्षेच्या कोपऱ्यातून दाद मागितली गेली का, मागितली तर कोणत्या नियमानं नाकारली, कॅमेरे किती होते आणि कुठल्या बाजूला? हे चार प्रश्न चार जणांना विचारायचे. त्याला फार तर तासभर लागतो. पण लाथेच्या व्हिडिओला तेवढाही लागत नाही, आणि पळापळ त्या तासाचीच आहे.

माझं मत विचाराल तर लाथेला माफी नाही, आणि पंचगिरीवर शंका घेणाऱ्या पहिलवानाला गप्प बसवणं हाही उपाय नाही. पण हे मत झालं. ते तुम्ही बाजूला ठेवलंत तरी वरची बातमी उभी राहते की नाही? तेवढं पुरे.

मताला माझा विरोध आहे असं समजू नका. मराठीत क्रीडा पत्रकारितेला मान मिळाला तोच मुळी ठाम मतं असलेल्या माणसांमुळे. 2023 च्या मार्चमध्ये गेलेले वि. वि. करमरकर घ्या. ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये त्यांनी खेळाला हक्काचं पान मिळवून दिलं आणि त्या पानावर कबड्डी, खो-खो, कुस्तीला बसायला जागा दिली. क्रिकेटच्या पैशाबद्दल, संघटनांमधल्या खुर्च्यांबद्दल त्यांची मतं तिखट होती. पण ते मत करमरकरांचं आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असायचं. खाली नाव असायचं. भांडायचं तर कोणाशी, याचा पत्ता असायचा.

सिडनीचं 2008 सालचं प्रकरण आठवा. जानेवारीतली ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी, भारत 122 धावांनी हरला, पंचांच्या चुका डोळ्यांवर याव्यात इतक्या झाल्या, आणि हरभजनसिंगवर अँड्र्यू सायमंड्सला वंशद्वेषी शब्द वापरल्याचा आरोप झाला. त्यानंतर सिडनीच्याच वर्तमानपत्रात क्रिकेटवर लिहिणारे पीटर रोबक यांनी लिहिलं की रिकी पाँटिंगला कर्णधारपदावरून काढा. आपलाच संघ जिंकलेला, आणि त्याच्याच कर्णधाराला काढा! ते उघड मत होतं, सहीनिशी होतं, आणि रोबक यांना त्याबद्दल भरपूर शिव्याही बसल्या. ती पत्रकारिता मला पटते. त्याच आठवड्यात दोन्ही देशांतल्या वाहिन्यांवर जे चाललं होतं ते नाही पटत. इकडे हरभजन निर्दोष ठरला होता, तिकडे दोषी ठरला होता, आणि अंतिम निकाल अजून लागायचा होता. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी तीन कसोटींची बंदी घातली. पुढे अपिलात न्यूझीलंडचे न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यासमोर वंशद्वेषाचा आरोप सिद्ध झाला नाही आणि सामन्याच्या मानधनातला निम्मा दंड एवढ्यावर ते निभावलं. तोवर प्रेक्षकांची मनं दोन्हीकडे सिमेंटसारखी घट्ट झालेली होती.

पूर्वी सगळं स्वच्छ होतं आणि आता बिघडलं, असंही कोणी सांगू नये. तथ्यं पवित्र असतात, मत मांडायला मोकळीक असते, या अर्थाचं सी. पी. स्कॉट यांचं वचन पत्रकारितेच्या प्रत्येक वर्गात शिकवतात. 1921 साली इंग्लंडच्या ‘मँचेस्टर गार्डियन’च्या शताब्दीला संपादक म्हणून त्यांनी ते लिहिलं. आणि गंमत अशी की त्याच वर्तमानपत्रात, त्याच स्कॉट यांच्या हाताखाली, नेव्हिल कार्डस क्रिकेटवर लिहीत होते. कार्डस यांनी लँकेशायर-यॉर्कशायरच्या खेळाडूंच्या तोंडी असे काही संवाद घातले की ते खेळाडू प्रत्यक्षात तसं बोललेच नव्हते. त्यांचं समर्थन असं, की ते बोलले नसतील, पण बोलले असते तर असंच बोलले असते! क्रिकेटवर इतकं सुंदर लिहिणारा माणूस क्वचितच झाला. म्हणून तर त्या सवयीला लोक अजून हसून सोडून देतात. मी सोडत नाही. पण वाचतो मात्र पुन्हा पुन्हा.

कार्डस निदान स्वतःच्या नावानं रचत होते. आज रचणाऱ्याला नावच नसतं. मराठी मथळ्यांत ‘या’ नावाचा एक खेळाडू आहे, तो तुम्हाला माहीत असेलच. ‘या’ खेळाडूमुळे भारत हरला. ‘या’ खेळाडूचा पत्ता कट होणार? इथे ते प्रश्नचिन्ह फार कामाचं असतं. पत्ता कट होणार असेल तर ती बातमी, होऊ नये असं वाटत असेल तर ते मत. प्रश्नचिन्ह लावलं की दोन्हीची जबाबदारी टळते. उद्या तो खेळाडू संघात दिसला तरी चूक कबूल करायला नको, कारण आपण फक्त विचारलं होतं.

दुसरं पात्र म्हणजे सूत्रं. सूत्रांशिवाय पत्रकारिता चालत नाही हे मला मान्य आहे. नाव दिलं तर नोकरी जाईल असा माणूसच कधीकधी खरं सांगतो. पण सूत्रं कशासाठी वापरायची? 2021 चा डिसेंबर आठवा. 8 तारखेला एकदिवसीय संघाचं कर्णधारपद विराट कोहलीकडून रोहित शर्माकडे गेलं. क्रिकेट मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष सौरव गांगुली म्हणाले, ट्वेन्टी-20 चं कर्णधारपद सोडू नकोस अशी विनंती आम्ही विराटला केली होती. 15 तारखेला कोहली पत्रकारांसमोर आला आणि म्हणाला, मला असं कोणी सांगितलं नव्हतं. मंडळाचा अध्यक्ष आणि देशाचा कसोटी कर्णधार, दोघांची जाहीर विधानं एकमेकांना छेदणारी. बातमीदाराला याहून मोठं काम कोणतं हवं? निवड समितीची बैठक कधी झाली, तिथे कोण होतं, कोणी कोणाला फोन केला, हे खणून काढायचं. त्याऐवजी आपल्याला काय मिळालं? रोहित-विराट भांडणाच्या कहाण्या. कोहली दक्षिण आफ्रिकेतले एकदिवसीय सामने खेळणार नाही, अशी सूत्रांची बातमी त्या आठवड्यात फिरत होती. त्यानं त्याच पत्रकार परिषदेत सांगितलं की मी उपलब्ध आहे, हे प्रश्न ज्यांनी लिहिलं त्यांना आणि त्यांच्या सूत्रांना विचारा. मालिकेत तो खेळलाही.

आणि नेटकरी, त्यांच्याबद्दल काय बोलावं! चार जणांनी काही लिहिलं की ‘नेटकरी संतापले’. पत्रकाराला जे स्वतःच्या नावानं म्हणायचं धाडस नसतं, ते तो नेटकऱ्यांच्या तोंडून म्हणवतो.

समालोचनाची गोष्ट थोडी निराळी आहे. तुम्ही हे रेडिओवर ऐकताय, म्हणून सांगतो. रेडिओच्या समालोचकाचा ऐकणारा आंधळ्यासारखा त्याच्यावर विसंबून असतो. बाळ ज. पंडित मराठीतून क्रिकेट सांगायचे तेव्हा धावफलक, गोलंदाज कोणत्या टोकाकडून, चेंडू कुठे गेला, हे आधी यायचं. कौतुक किंवा टोमणा त्यानंतर. माध्यमच तशी शिस्त लावायचं. टीव्हीवर चेंडू सगळ्यांनाच दिसतो, त्यामुळे समालोचकाकडे उरतं ते मतच. मग ते कोणाच्या पगारावर दिलं जातं, हा प्रश्न येतो. भारतातल्या सामन्यांचं प्रक्षेपण बरीच वर्षं क्रिकेट मंडळानंच तयार करून घेतलं आणि समालोचकांचे करारही मंडळाशीच होते. 2016 च्या मार्चमध्ये, बांगलादेशला एका धावेनं हरवल्यानंतर, अमिताभ बच्चन यांनी ट्वीट केलं की भारतीय समालोचकानं दुसऱ्यांपेक्षा आपल्या खेळाडूंबद्दल अधिक बोलावं. धोनीनं त्याला दुजोरा दिला. काही दिवसांत हर्षा भोगले आयपीएलच्या समालोचनातून बाहेर होते. 2020 मध्ये संजय मांजरेकरांची पाळी आली. दोन्ही वेळा कारण जाहीर झालं नाही, म्हणून या गोष्टींची एकमेकींशी गाठ मी मारणार नाही. पण मंडळाच्या करारावरचा माणूस मंडळाच्या वेळापत्रकावर, खेळपट्टीवर, तिकिटांच्या गोंधळावर किती बोलेल, याचा अंदाज घरी बसून करता येतो.

क्रीडा पत्रकारिता आहे तरी कशाला? मला याचं उत्तर 1998 च्या एका बातमीत दिसतं. ऑस्ट्रेलियाचे मार्क वॉ आणि शेन वॉर्न यांनी ‘जॉन’ नावाच्या भारतीय बुकीला खेळपट्टी आणि हवामानाची माहिती देऊन पैसे घेतले होते. ऑस्ट्रेलियाच्या मंडळाला हे कळलं, 1995 मध्ये दोघांना दंड झाला आणि प्रकरण कपाटात बंद झालं. वॉला 10 हजार आणि वॉर्नला 8 हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, एवढंच. जवळजवळ चार वर्षं कोणाला पत्ता नव्हता. या काळात संघाबरोबर पत्रकार फिरत होते, रोज हजारो शब्द लिहीत होते, वॉर्नच्या फिरकीवर आणि वॉच्या ऐटदार फलंदाजीवर रकाने भरत होते. शिवाय हेच दोघे पाकिस्तानच्या सलीम मलिकवर लाचेचा आरोप करणारे म्हणून गाजत होते! डिसेंबर 1998 मध्ये माल्कम कॉन या बातमीदारानं ‘द ऑस्ट्रेलियन’मध्ये ते बाहेर काढलं. त्यात मत नव्हतं. दंड झाला, इतका झाला, लपवला, एवढंच होतं. मतं नंतर आपोआप आली.

आपल्याकडे क्रिकेटपटू मनोज प्रभाकरच्या सामनानिश्चितीच्या आरोपांनंतर 1997 मध्ये माजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्याकडे चौकशी दिली गेली. त्यांना ठोस काही सापडलं नाही. 7 एप्रिल 2000 ला सामनानिश्चितीत दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिएचं नाव पुढे आणलं ते दिल्ली पोलिसांनी, फोनवरची संभाषणं ऐकून. आपल्या क्रीडा पानांनी नाही. एवढे सगळे डोळे मैदानावर असताना!

आता पुन्हा कुस्तीकडे येतो, कारण तिथे अजून एक कपाट बंद आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्राला दोन महाराष्ट्र केसरी मिळाले. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेखनं शिवराज राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत लोळवलं. त्याच महिन्यात धाराशिवला त्याच राक्षेनं हर्षवर्धन सदगीरला हरवून केसरीची गदा उचलली. म्हणजे एकच पहिलवान एका महिन्यात महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत हरला आणि जिंकलाही. कारण एवढंच की राज्याच्या कुस्तीवर हक्क सांगणाऱ्या संघटना दोन होत्या. आपण काय वाचलं? सिकंदरचा डाव, त्याचे वडील, त्याला मिळालेली गाडी. छान होतं ते, मीही आवडीनं वाचलं. पण दोन संघटना म्हणजे दोन निवड चाचण्या. तालुक्याच्या तालमीतल्या पोरानं कोणत्या चाचणीला जायचं? चुकीच्या संघटनेच्या आखाड्यात उतरला म्हणून दुसरीनं त्याला अडवलं तर दाद कुठे मागायची? हा किताब नुसत्या गदेचा नाही. तीन-तीन वेळा केसरी झालेले नरसिंग यादव आणि विजय चौधरी पोलीस खात्यात उपअधीक्षक झाले, हे प्रत्येक तालमीतल्या पोराला पाठ असतं. मग कोणत्या केसरीचं प्रमाणपत्र सरकार धरणार?

याची उत्तरं व्हिडिओत नाहीत. ती संघटनांच्या पत्रव्यवहारात, धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदींत आणि क्रीडा खात्याच्या आदेशांत आहेत. पुढची महाराष्ट्र केसरी भरेल तेव्हा त्या गादीवर ज्या पंचांच्या हातात शिट्टी असेल त्यांची नेमणूक कोणी केली, कोणत्या परीक्षेवर केली आणि आधीच्या वादांची चौकशी कोणत्या कागदावर संपली, हे कुस्ती लागण्याच्या आदल्या दिवशी छापून आलेलं मला वाचायचं आहे.

नमस्कार.